कोऱ्या खोलीतला बेडूक

रवि. ४ मे

काकांकडे यिशुनला. पोहे. काका इथलं बिऱ्हाड गुंडाळून कायमचे परत चाललेत पुण्याला, जुलैत. दूध संपलंय सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाले, "माझी तिन्ही पॅकेजं कुणाच्या तरी गळ्यात घालून जाणार. दर रविवारी शिकायला येणाऱ्यांत तुम्ही दोघंच टिकलात. बघू."

दोघं म्हणजे मी आणि डॉ.

डॉ. = अनिरुद्ध. दवाखान्यातला नाही, पीएचडीवाला. युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक. कुणाच्या तरी कॉन्डोत (महागडी सोसायटी) एक खोली भाड्याने घेऊन राहतो, पण सांगताना "मी मरीन परेडला असतो" एवढंच. कोथरूडचा. मी पिंपरीचा. बास, एवढ्यात सगळं आलं.

तीन पॅकेजं म्हणजे मराठी कीबोर्ड, मराठी फॉन्ट आणि शब्दकोश, तो चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ मारणारा. आमच्या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर जगात कुठेही कुणी मराठी लिहीत असेल तर ते काकांच्या हातचं. माहितीच्या पानावर 'सांभाळणार' असं लिहून पुढे काकांचं नाव. पगार शून्य.

मला पाहिजे ते. माझं नाव आजवर जिथे जिथे छापून आलं तिथे शेजारी मार्क होते. डिप्लोमा तिसऱ्या फटक्यात सुटला, ताई अजून पाहुण्यांना सांगते. इथे नुसतं नाव असतं. शेजारी काही नाही.

डॉ.कडे आहेत की नावं. चार पेपरांवर. त्याला कशाला अजून?


सोम. ५ मे

ऑफिसात शेजारच्या टेबलवरच्या चिनी अंकलच्या माउसखाली कागद चिकटवला. अर्धा तास माउस आपटत होता. मग मलाच बोलावलं, सपोर्टला. गंभीर तोंड करून "हार्डवेअर इश्यू" म्हटलं आणि दुरुस्त केलं. "वा, व्हेरी फास्ट ह यू," म्हणाला.

घरी ताईने विचारलं, "ओम्या, दर रविवारी वुडलँड्सहून तिकडे जाऊन तुम्ही करता तरी काय?"

सांगितलं. आपल्या मशीनवर इतकं काय काय पडलेलं असतं की काहीही बनवलं तरी बनतं. दुसऱ्याकडे बनत नाही. म्हणून मशीनच्या आतच एक रिकामी खोली करायची. आत काही नाही. तू फाईलमध्ये जे जे लागेल म्हणून लिहिलंस तेवढंच आत येणार. त्यात पॅकेज बनलं तर खरं. मग खोली फेकून द्यायची, पुढच्या वेळी नवी.

ताई कणीक मळत होती. म्हणाली, "म्हणजे परक्या स्वयंपाकघरात पुरणपोळी. सामान सांगताना वेलची विसरले तर बिनवेलचीची पोळी."

मला हे कळायला महिना लागला होता. डॉ.ला म्हणे पहिल्याच रविवारी कळलं. काकाच सांगत होते, कौतुकाने.

काका तिला कोरी खोली म्हणतात. मी इथे को.खो. लिहिणार. ती असते काकांच्या टीव्हीखालच्या जुन्या डब्यात, म्हणजे कॉम्प्युटरात. त्या डब्याला दम नाही, म्हणून बनवून झाल्यावर जी चाचणी चालवायची असते ती आम्ही गाळतो. ती बाहेर, सिस्टिमवाल्यांच्या मोठ्या मशीनींवर होते, अपलोड केल्यावर तिथे पुन्हा बनवतात तेव्हा. काकांचे नियम दोन. आपलं आपण तपासायचं नाही, दुसऱ्याने तपासून "पाहिलं, ठीक" लिहायचं. आणि "माझ्याकडे तर चालतंय" असं जो म्हणेल त्याने सगळ्यांना खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून कोपी, म्हणजे इथली कॉफी, पाजायची.

आजवर सगळ्यात जास्त कोपी मी पाजलीय. डॉ.ने एकदाही नाही.


रवि. ११ मे

डॉ.ने शब्दकोश नव्याने बांधायला घेतलाय. काका मान हलवत होते, देवळात हलवतात तशी. "जोडाक्षरांचं काय सुरेख केलंयस रे!" माझ्या कीबोर्डला "हं, चाललंय."

त्याचं तपासायचं माझ्याकडे, माझं त्याच्याकडे.

घरी येऊन तपासलं. आणि सापडली! जोडाक्षरं फोडायला तो एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड, वापरतो, आणि लागणाऱ्या सामानात तिचं नावच नाही. त्याच्या लॅपटॉपवर कधीची पडलेली असणार, म्हणून याला पत्ताच नाही. डॉक्टर वेलची विसरले.

सांगणार होतो. मेसेज लिहायलाही घेतला. मग म्हटलं कशाला? को.खो. असते कशासाठी? पुढच्या रविवारी काकांसमोर बनवायला घेतील, धाडकन पडेल. आणि मी त्याचा नोकर आहे का?

"पाहिलं, ठीक" लिहून पाठवलं.


सोम. १२ मे

वेसाकची (बुद्धपौर्णिमेची) सुट्टी. डोक्यात भन्नाट आलं.

को.खो.चा साचा मी बनवतो. काका म्हणतात ओंकारचा हात मशीनवर बसलाय (तेवढंच एक कौतुक). दर वेळची नवी खोली त्या साच्यावरून निघते. तर घरूनच लॉगिन करून साच्यातच एक बेडूक बसवला. अनिरुद्धचं पॅकेज बनताना पडलं की, आणि फक्त त्याचंच, स्क्रीनभर बेडूक येणार आणि म्हणणार:

"डॉक्टरसाहेब, पीएचडी सांडली. पुसून घ्या."

बेडूक काढायला एक छोटा प्रोग्रॅम टाकला साच्यात. टाकताना म्हणाला, याच्याबरोबर अजून काहीतरी येईल, चालेल का? नाहीतर मराठी अक्षरं नीट उमटणार नाहीत. हो बाबा, ये, म्हटलं.

पिहूला दाखवला. भाचीबाईंचं मत: "मामा, युअर फ्रॉग सो अग्ली लाह."

अग्लीच पाहिजे. रविवारची वाट बघतोय. दिवाळीचीही इतकी बघितली नव्हती कधी.


गुरु. १५ मे

ताईने त्याला जेवायला बोलावलं. मला न विचारता. मंडळाच्या कार्यक्रमात भेटला म्हणे, "एकटा राहतो बिचारा."

बिचाऱ्याने तीन पोळ्या खाल्ल्या, ताट घासलं, पिहूचं मॅथ्स घेतलं. मी दहा वेळा सांगितलेलं त्या पोरीला त्याच्याकडून एका वेळेत कळलं. नंतर मला सांगते, "अनि अंकल नोज एव्हरीथिंग." ताई म्हणाली, "किती साधा आहे रे, एवढा शिकलेला वाटतच नाही." मी कमी शिकलेला आहे ते मात्र लगेच वाटतं लोकांना.

लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. तिथे म्हणाला, "तू माझं बघितलंस ना? काही सापडलं?"

"नाही. मस्त आहे."

"तुझ्यात दोन गोष्टी राहिल्यात. लिहून पाठवतो तुला. रविवारच्या आत करून टाक, काकांसमोर कशाला."

पाठवल्यासुद्धा, बसमधून. दोन्ही बरोबर आहेत. नीट समजावून लिहिल्यात, "तुझी पद्धत छान आहे, फक्त" वगैरे.

इतका राग आयुष्यात कुणाचा आला नव्हता.


रवि. १८ मे

बनलं.

त्याचा शब्दकोश बनला! को.खो.त, वेलची नसताना. मी स्क्रीनच्या अगदी पुढे बसलो होतो, बेडूक आला की काकांचं तोंड बघायला. हिरवी ओळ आली, "यशस्वी". काकांनी टाळी वाजवली. खरोखरची. मग स्वतःच्या नावाने अपलोड केला.

माझा कीबोर्ड पण बनला. (त्याने सांगितलेलं दुरुस्त करूनच. लिहायची गरज नव्हती, पण लिहिलं.) काका म्हणाले, "बरं."

ट्रेनमध्ये फाईल परत उघडून बघितली. नाहीये ओळ. तरी बनलं. देव पण कोथरूडचाच असणार.


मंगळ. २० मे

पडला! बाहेरच्या सगळ्या मशीनींवर. एकूणएक. लायब्ररी सापडत नाही, लायब्ररी सापडत नाही, लाल लाल लाल. कुठल्यातरी गोऱ्याने सगळ्यांना मेल जाते त्या यादीवर दीड ओळ लिहिलीय की बाबा, स्वच्छ खोलीत बनवून तरी बघत जा.

ते लिहिलंय काकांना. अपलोडवर नाव त्यांचं.

आणि जूनच्या पहिल्या रविवारी सिस्टिमच्या नव्या व्हर्जनचं दार बंद होतंय. तोवर दुरुस्त नाही झालं तर मराठी शब्दकोश बाहेर. दोन वर्षं परत घेत नाहीत. म्हणजे काकांनी इतकी वर्षं सांभाळलेला शब्दकोश ते जाता जाता बाहेर पडणार.

खोटं कशाला लिहू, इथे कोण वाचतंय. दुपारभर मजा वाटली. चिकन राइसबरोबर एक्स्ट्रा अंडं घेतलं.

मग काकांचा ग्रुपवर मेसेज. "आपल्या खोलीत झालं, बाहेर होत नाही. असं कसं?"

अंडं तिथेच राहिलं. कारण बरोबर आहे. असं कसं?


बुध. २१ मे

टोनर बदलताना कळलं. हात काळे, आणि एकदम

बेडूक.

बेडकाला मराठी बोलायला अजून काहीतरी लागत होतं. "हो बाबा, ये" म्हणून मी जे आत घेतलं ते काय होतं? तीच लायब्ररी. माझ्याच बेडकाने डॉ.च्या पोळीत वेलची नेऊन टाकली.

म्हणजे कोरी खोली कोरी नव्हतीच. मी घाण केली होती. बेडूक नसता तर रविवारीच पडला असता, त्या खोलीत, आम्ही तिघं सोडून कुणाला कळलं नसतं. मिनिटात दुरुस्त. मी पाडायला गेलो, आणि आधी उचलून धरला, मग जगासमोर पाडला. काकांना धरून.

घरी जाऊन बेडूक काढून टाकायचा, विषय संपला, असं ठरवलं. लॉगिन करायला गेलो तर बंद. ग्रुपवर काका: "बाहेरून लॉगिन बंद केलंय. कुणी हात लावू नका. रविवारी आहे तसं बघू."

बेडूक आत. मी बाहेर.


शुक्र. २३ मे

काकांचा मेसेज, मला एकट्याला. "ओंकार, साचा तू केला होतास. ठीक होता ना? मी तुला बोल लावत नाहीये, नुसतं विचारतोय."

अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

डॉ.च्या जागी दुसरा कुणी असता तर एव्हाना "माझ्याकडे तर चालत होतं" म्हणाला असता. मी तर नक्कीच.


रवि. २५ मे

लवकर निघालो, की सगळ्यांच्या आधी पोचून काहीतरी करता येईल. वुडलँड्स ते यिशुन ट्रेन आज फार हळू चालली. दार काकांनी उघडलं, हातात कोथिंबीर. "ये. अनिरुद्ध केव्हाचा आलाय."

आत टीव्हीवर बेडूक.

डॉ. त्याच्यासमोर मांडी घालून बसलेला. चुकीचं पॅकेज खोलीत पडतं तरी का हे बघायला त्याने मुद्दाम फाईलमध्ये काहीतरी भलतंच लिहून पाडलं होतं. आणि बेडकाने आपलं काम केलं. पीएचडी सांडली, पुसून घ्या.

तो हसत होता. खरंच हसत होता, खांदे हलत होते. "हे तुझंच. दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही."

मी पण हसलो थोडा. म्हटलं सुटलो.

मग तो बेडकाकडे बघत राहिला. हसणं हळूहळू गेलं. कळलं त्याला, बेडूक आला तर बरोबर काय काय आलं असेल. माझ्यासारखा त्याला टोनर लागला नाही.

"बेडकाचं सोड रे," म्हणाला. हळू, काकांना ऐकू जाऊ नये म्हणून. "माझं तपासलंस तेव्हा ती ओळ नाहीये, हे तुला दिसलं नव्हतं?"

स्वयंपाकघरात फोडणी तडतडत होती. मला "नाही" म्हणता आलं असतं. लिफ्टपाशी आलं होतं की. आज नाही आलं. "हो" पण नाही आलं.

काका ताटल्या घेऊन आले. त्याने एक बटण दाबून बेडूक घालवला आणि म्हणाला, "काका, ओळ मी लिहायची विसरलो. चूक माझी."

"ते समजलं. पण मग आपल्याकडे कसं बनलं?"

"साच्यात जुनं काहीतरी राहिलं असेल. ओंकार नवा करेल. नाही का रे?"

"हो."

मग खाली जाऊन सगळ्यांना कोपी घेऊन आला. ते वाक्य म्हणाला नव्हता तरी. माझी बिनसाखरेची, बरोबर लक्षात ठेवून. काका माझ्याकडे बघून म्हणतात, "शीक काहीतरी याच्याकडून."

म्हणजे उपकारातसुद्धा तो मेरिटमध्ये. ओरडला असता, काकांना सांगितलं असतं, तर मला भांडता तरी आलं असतं.


बुध. २८ मे

काकांनी लॉगिन परत उघडलं. नवा साचा केला. आत काही नाही. तीनदा तपासला. बेडकाचा प्रोग्रॅम उडवला, त्याच्याबरोबर आलेलं सगळं उडवलं.

पिहू: "व्हेअर इज युअर फ्रॉग?"

"गेला घरी."

"हिज होम ऑर अवर होम?"

लॅपटॉप मिटला.

ताईने जेवताना विचारलं, "अनिरुद्धशी भांडलास?"

"नाही."

"मग त्याचं नाव काढलं की तोंड असं का होतं तुझं?"

"कसं?"

"असं." करून दाखवलं. बेडकासारखं होतं.

म्हटलं, "ताई, त्याला सगळं आधीच मिळालंय. हे एक मला मिळालं तर काय बिघडतं?"

ताई पोळीला तूप लावत म्हणाली, "काही नाही बिघडत. पण त्याचं काढून घेऊन मिळणार आहे का, तुझं तुला मिळणार आहे, ते बघ." मग लगेच, "भाजी घे अजून." हिला कुणी काही सांगितलं असेल का? नसेल. हिला नुसत्या तोंडावरून कळतं, लहानपणापासून. वैताग.


शनि. ३१ मे

शाळेला सुट्टी लागलीय, पिहू सकाळपासून मानगुटीवर.

उद्या दार बंद. काकांनी डॉ.चा दुरुस्त केलेला शब्दकोश पाठवलाय. "ओंकार, नियमाप्रमाणे तूच तपास. तुझं ठीक आलं की लगेच अपलोड करतो. आणि उद्या तिन्ही पॅकेजं कुणाकडे ते सांगेन. माझं जवळपास ठरलंय."

जवळपास म्हणजे काय हो काका?

उघडलं. ती ओळ आहे. सामानात सगळ्यात वर लिहिलीय.

म्हटलं पूर्ण बघू. खालपर्यंत गेलो. चाचणीच्या भागात नवीन काहीतरी लिहिलंय त्याने, घाईत. त्याला अजून एक छोटं हत्यार, म्हणजे प्रोग्रॅम, लागतं. ते सामानात नाही.

परत बघितलं. नाही. मी चुकत नाहीये.

चाचणी आपल्या डब्यात चालवतच नाही. म्हणजे को.खो.त हिरवी ओळ येणार, खोली एकदम कोरी असून. बाहेर चाचणी होणार, तिथे पडणार. पडल्याचं कळेपर्यंत दार बंद. या वेळी बेडूक नाही, साचा स्वच्छ, माझ्यावर कणभर काही येत नाही. एवढ्या खालपर्यंत कुणी बघतच नाही, मला दिसलं हे कुणाला कळणारही नाही. तोसुद्धा विचारू शकणार नाही, दिसलं होतं का म्हणून. आणि दोनदा पडलेल्याला काका देणार नाहीत.

आणि शब्दकोश जाईल. काकांच्या नावावर.

फोन वाजला. डॉ. "तपासतोयस ना? घाईत केलंय रे, नीट बघ. काही दिसलं तर सांग." खाली कोपीचा कप पाठवलाय, तो हसऱ्या तोंडाचा.

काका ऑनलाइन दिसतायत. हिरवा ठिपका.

पिहू खुर्चीवर चढून स्क्रीन बघतेय. "मामा, यू विन ऑर लूज?"

"वेट लाह."

"पाहिलं" एवढं लिहून झालंय. स्वल्पविराम पण दिला. पुढे "ठीक", की "एक राहिलंय"?